ॲट द रेटच्या उजवीकडे

मराठी माणूस ईमेलचा पत्ता सांगताना 'ॲट द रेट' म्हणतो. बँकेच्या खिडकीवर, प्रवेशअर्ज भरताना, फोनवर एकेक अक्षर फोडून सांगताना, सगळीकडे तेच. थोडी जुन्या वळणाची मंडळी 'ॲट द रेट ऑफ' असं सविस्तर म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत या चिन्हाला नुसतं 'ॲट' म्हणायची रीत आहे, म्हणून तिकडे स्थायिक झालेल्या मुलांना आईवडिलांचं 'ॲट द रेट' कधीकधी खटकतं. खटकू नये. या तीन शब्दांत @ या चिन्हाचं जुनं व्यापारी आयुष्य शाबूत राहिलं आहे. मला मात्र या चिन्हापेक्षा त्याच्या उजवीकडे जे येतं त्याबद्दल अधिक बोलायचं आहे. त्याला आपण डोमेन म्हणतो, लिहिताना त्याची हेळसांड करतो, आणि पत्र भलत्याच दारात जाऊन पडलं की नशिबाला बोल लावतो. डोमेन नीट लिहिणं हे शुद्धलेखन आहे, आणि शुद्धलेखनाची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने ते आपलं काम मानावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चिन्ह. ते आलं हिशेबाच्या वहीतून. बारा वह्या @ पाच रुपये, म्हणजे एकीची किंमत पाच. सोळाव्या शतकातला त्याचा एक ठळक पुरावा आहे: 4 मे 1536 रोजी फ्रान्चेस्को लापी नावाच्या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने सेव्हिलहून रोमला पत्र लिहिलं, आणि त्यात मद्याच्या 'ॲम्फोरा' या मापासाठी शेपूट गुंडाळलेला हाच 'ए' वापरला. इटालियन अभ्यासक जॉर्जो स्ताबिले यांनी 2000 साली हे पत्र जगापुढे आणलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये हेच चिन्ह 'अर्रोबा' नावाच्या वजनासाठी रूढ होतं. इटलीत आज लोक त्याला गोगलगाय म्हणतात, हॉलंडमध्ये माकडाची शेपटी. स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणारे मात्र ईमेल सांगताना अजूनही 'अर्रोबा'च म्हणतात.

हा अर्रोबा अरबीतला. 'अर्-रुब्अ' म्हणजे चौथा हिस्सा. चार ओळींची ती रुबाई हीसुद्धा त्याच धातूची. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या तेव्हा हा 'चार' आपल्याकडे आणखी एकदा आला. अर्रोबा चौथा हिस्सा कशाचा? क्विंटलचा. जुना कॅस्टिलियन क्विंटल शंभर रत्तलांचा, अर्रोबा पंचवीसचा, आजच्या मापाने साडेअकरा किलोंच्या आसपास. आपला क्विंटल शंभर किलोंचा, पण शब्द तोच, आणि तोही अरबीच्या वाटेनेच युरोपात गेलेला. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव क्विंटलवर पुकारला जातो तेव्हा @ चे सगळे पूर्वज तिथे हजर असतात: वजन, भाव आणि लिलाव.

मग 'रेट'. आपला शब्द 'दर'. बँकेच्या कागदावर 'द.सा.द.शे.' म्हणजे दर साल दर शेकडा, हे शाळेत व्याजाची गणितं केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. दर आला फारसीतून, आणि फारसीत 'दर' या अव्ययाचा अर्थ आहे 'मध्ये', 'ठिकाणी'. दरम्यान या शब्दात तो अर्थ अजून दिसतो: दर मियान, मधल्या जागी. माधव जूलियन म्हणजेच माधवराव पटवर्धन, यांनीच 1925 मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. असे शब्द पाहायला तो अजून उपयोगी पडतो. इंग्रजी 'ॲट' भावासाठीही चालतो आणि जागेसाठीही. फारसी 'दर' जागेचा होता, मराठीत येऊन तो भावाचाही झाला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच रस्ता धरला.

भावाचं हे चिन्ह जागेचं झालं ते 1971 मध्ये. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी बीबीएन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सन काम करत होते. एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या, पण आर्पानेट या जाळ्यातून जोडलेल्या दोन संगणकांमध्ये त्यांना निरोप पाठवायचा होता. माणसाचं नाव कुठे संपतं आणि यंत्राचं नाव कुठे सुरू होतं हे दाखवायला एक खूण हवी होती, आणि ती अशी हवी होती की कुणाच्याही नावात येणार नाही. टेलिटाइपच्या कळफलकावर @ होतंच. त्यांनी ते उचललं, कारण 'अमुक माणूस तमुक यंत्रावर' हा अर्थ त्यात आपोआप येत होता. काही वर्षं @ च्या जागी 'ॲट' हा शब्द अक्षरांत लिहिलेलाही चालत असे. 1977 च्या नियमांत दोन्ही रूपं आहेत, 1982 च्या नियमांनी शब्द काढून टाकला आणि चिन्ह ठेवलं.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर @ हे अधिकरणाचं चिन्ह आहे. त, ई, आ: सप्तमी. पुण्यात, घरी, दारा. पत्त्यात आपण माणसाचं नाव लिहितो आणि मग ते कुठे हे सांगतो. सप्तमीनंतर येणारी जागा जितकी नेमकी, तितका निरोप खात्रीचा.

त्या जागेचं नाव डोमेन. लॅटिनमध्ये 'डोमुस' म्हणजे घर, घराचा धनी तो 'डोमिनुस', आणि धन्याच्या मालकीचं जे काही ते फ्रेंचमधून इंग्रजीत येताना 'डोमेन' झालं: जमीनजुमला, ज्याच्यावर आपला अंमल चालतो तो मुलूख. याच घरातला दुसरा शब्द आपल्याकडे कधीचा मुक्कामाला आहे. बारावीनंतर ज्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या होतात ते 'डोमिसाईल'. गोव्यात तिसरा: पोर्तुगीजमध्ये रविवार म्हणजे 'दोमिंगु', प्रभूचा वार, आणि त्यावरून डोमिंगोस, डोमिनिक ही नावं.

त्याहून जवळचं नातं संस्कृतात आहे. ऋग्वेदात 'दम' म्हणजे घर. शमदमातला दम निराळ्या अर्थाचा, आणि जिना चढून लागतो तो दम फारसी. हा तिसराच, आणि लॅटिन 'डोमुस'चा सख्खा भाऊ. दमाचा पती तो दंपती, म्हणजे मुळात घराचा धनी. पुढे द्विवचनात धनी आणि धनीण दोघं मिळून दंपती झाले, आणि त्यावरून दांपत्य. ग्रीक 'डेस्पोटेस', ज्याच्यावरून इंग्रजीत जुलमी सत्ताधीशाला 'डेस्पॉट' म्हणतात, त्याची घडणही तीच: घर आणि पती. सत्यनारायणाला बसलेलं दांपत्य आणि पत्त्याच्या शेवटचं डोमेन यांचं कुळ एक निघावं याचा मला फार आनंद होतो, कारण घर आणि घराचा धनी हा अर्थ ईमेलच्या नियमांत आजही जसाच्या तसा पाळला जातो.

तो कसा, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पत्र वाहून नेणारी यंत्रं @ च्या डावीकडे काय आहे याचा अर्थ लावत नाहीत. तसा त्यांना अधिकारच नाही. डाव्या भागाचा अर्थ फक्त त्या घराच्या धन्याने लावायचा असा नियम आहे. डावीकडे लहान लिपी आणि मोठी लिपी वेगळी मानायची की एक, हेही त्या घराने ठरवायचं. बहुतेक घरं भेद करत नाहीत. उजवीकडे मात्र लहान-मोठ्या लिपीचा फरक कधीच नसतो, त्यामुळे 'सगळं स्मॉलमध्ये लिहा' हा आपला आग्रह डोमेनपुरता अनावश्यक आहे. पाठवणारं यंत्र फक्त उजवा भाग वाचतं आणि डीएनएस या नावांच्या नोंदवहीला विचारतं, की या घराचं टपाल कोण घेतं? नोंदवही उत्तरात एका यंत्राचं नाव देते. या नोंदीला एमएक्स म्हणतात, आणि ती 1986 पासून चालत आलेली आहे. त्या यंत्राच्या उंबऱ्यावर गेल्यावर पाठवणारं यंत्र प्रथम आपलं स्वतःचं पूर्ण नाव सांगतं, मग पत्र कुणाकडून, मग कुणासाठी, आणि शेवटी मजकूर. प्रत्येक घराने 'पोस्टमास्टर' या नावाने आलेलं पत्र घेतलंच पाहिजे असाही दंडक आहे. टपाल घेणाऱ्या कुठल्याही डोमेनला तो चुकत नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. डावीकडे चूक झाली तर पत्र योग्य घरी पोचतं, आणि बहुधा घराचा धनी सांगतो की या नावाचं इथे कुणी राहत नाही. पत्र परत येतं, चूक कळते. उजवीकडे चूक झाली तर पत्र दुसऱ्याच्याच घरी जाऊ शकतं. तो दुसरा भला असेल तर परत पाठवील. नसेल तर आत घेईल, वाचील, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून नावात एखादा काना-मात्रा चुकला तर चालेल, घरात चुकता कामा नये.

2023 च्या जुलैत याचं एक मोठं उदाहरण वर्तमानपत्रांत गाजलं. अमेरिकी लष्कराचे पत्ते 'डॉट एमआयएल'वर संपतात. पाठवणाऱ्यांच्या हातून त्यातला 'आय' गळत होता, आणि 'डॉट एमएल' हे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचं डोमेन आहे. लष्कराशी संबंधित पत्रं वर्षानुवर्षं मालीच्या दारात पडत होती. एक अक्षर! आपल्याकडे अशी जागा 'डॉट को डॉट इन'ची आहे. घाईत शेवटचं 'इन' राहिलं की उरतं 'डॉट को', आणि ते कोलंबिया देशाचं. 'डॉट कॉम'मधला 'सी' गळला तर ओमान, 'ओ' गळला तर कॅमेरून. अर्धवट पत्ता हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी पूर्ण पत्ता असतो.

इथे आपल्या टपालाच्या पत्त्याकडे वळायला हवं, कारण डोमेनची रचना मराठी माणसाला परकी नाही. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा. मुक्काम अरबी 'मकाम', उभं राहण्याची जागा. पोस्ट लॅटिन, 'ठेवलेलं', म्हणजे घोडे बदलण्यासाठी नेमलेलं ठाणं. तालुका अरबी, 'जोडलेला, संबंधातला'. जिल्हा अरबी 'ज़िल्अ', मूळ अर्थ बरगडी, मग बाजू, मग प्रांताचा एक भाग. परभाषांतून आलेल्या या शब्दांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या आपलं गाव सांगत आलो, आणि क्रम कायम ठेवला: आधी लहान, मग मोठं. डोमेनही तसंच. आधी संस्था, मग 'को' किंवा 'ओआरजी', मग देश. देशाचं 'इन' 1989 मध्ये नोंदलं गेलं आणि सुरुवातीच्या काळात त्याचा कारभार मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता.

पिनकोडचा क्रम मात्र उलटा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, जे संस्कृतमध्ये काव्य-नाटकं लिहिणारे मराठी विद्वान आणि टपाल खात्याचे अधिकारी होते, 15 ऑगस्ट 1972 रोजी देशाला दिलेल्या सहा अंकांत पहिला अंक विभागाचा. चार म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. 400 मुंबई, 411 पुणे, 403 गोवा. पुढचे अंक वाचत जावं तसा मुलूख लहान होत शेवटी एका टपाल कचेरीवर येतो. इंटरनेटवर नेमकी हीच जोडी आहे: यंत्राचा आकडी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे वाचायचा, नावाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे. आकडे छाननी करणाऱ्यासाठी, नाव माणसासाठी. वेलणकरांच्या पिनकोडचा विचार करताना ही गोष्ट मला नेहमी आठवते.

हा क्रम जगाने सहजासहजी मान्य केला असं नाही. 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत, आणि ती यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. ब्रिटिश विद्यापीठांच्या जॅनेट या जाळ्याने मात्र स्वतःचा क्रम उलटा ठेवला होता: आधी 'यूके', मग 'एसी', मग विद्यापीठ, मग विभाग. संगणकशास्त्र विभागाचं लघुरूप 'सीएस', त्यामुळे लंडनच्या कित्येक पत्त्यांच्या शेवटी 'सीएस' येई. आणि 'सीएस' हे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाचं देशनाम होतं. इंटरनेटच्या रीतीने वाचणाऱ्या यंत्राला तो पत्ता प्रागकडचा वाटे. शब्द सगळे बरोबर, क्रम उलटा, आणि पत्र भलत्या देशात. पुढे नव्वदच्या दशकात ब्रिटिशांनी जगाचा क्रम घेतला.

आपल्याकडचे पहिले सार्वजनिक पत्ते आठवतात का? 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मुंबईच्या ग्राहकाच्या पत्त्यात उजवीकडे 'जीआयएएसबीएम01 डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असं लांबलचक येई. पुण्याच्या पत्त्यात 'बीएम'च्या जागी 'पीएन'. बीएम म्हणजे बॉम्बे, 01 म्हणजे पहिलं यंत्र. नुसतं घर सांगायच्या ऐवजी त्यात खोलीचा नंबरही होता. खोली बदलली की पत्ता बदलायचा. डोमेनची खरी किंमत तिथे कळते: घराचं नाव असं ठेवावं की आतली यंत्रं बदलली तरी नाव टिकेल.

टिकवणं मात्र धन्याच्या हातात. जुन्या अर्थाने डोमेन म्हणजे जहागीर, पण आजचं डोमेन कुणाच्या वतनात लागत नाही. ते मुदतीवर मिळतं, डॉट कॉमसारख्या नावांना एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत सरली आणि पैसे भरायचे राहिले तर ते नाव दुसरा कुणी घेऊ शकतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारं टपाल त्याच्या हाती पडतं. एका शिक्षणसंस्थेच्या अहवालावर मी असा पत्ता पाहिला आहे: ठळक टंकात, बोधचिन्हाखाली, संस्थेच्या जुन्या डोमेनचा. त्या नावावर तेव्हा कुठल्यातरी परक्या दुकानाची जाहिरात होती. माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या आपुलकीने लिहिलेली पत्रं कुठे गेली असतील, या विचाराने वाईट वाटलं.

आता डॉट. जुन्या इंग्रजीत हा शब्द गळवाच्या तोंडासाठी सापडतो, एवढंच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं. आपल्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अधिक रंजक आहे. मोडीच्या कागदांत विरामचिन्हं नसत, शब्दांत अंतरही नसे. पूर्णविराम मराठीत छपाईबरोबर आला, आणि तो रुजवण्यात मेजर कँडींचा वाटा मोठा. त्याला आपण वाक्य संपल्याची खूण म्हणून शिकलो. डोमेनमधला डॉट याच्या उलट काम करतो: तो थांबवत नाही, जोडतो, 'च्या' या प्रत्ययासारखा. अमुक डॉट को डॉट इन म्हणजे इनच्या कोमधलं अमुक. गंमत अशी की डीएनएसच्या शिस्तीत प्रत्येक पूर्ण नावाच्या शेवटी आणखी एक डॉट असतो, जो आपण लिहीत नाही. तो सगळ्या नावांच्या मुळाचा. नोंदवही सांभाळणारे तंत्रज्ञ तो आवर्जून लिहितात. ईमेलच्या पत्त्यात मात्र तो चालत नाही. म्हणून वाक्याच्या शेवटी पत्ता आला आणि त्यापुढे पूर्णविराम दिला की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, हे टिंब पत्त्यातलं की वाक्यातलं?

मराठीत याहून मोठा पेच आहे आणि तो खास आपला आहे. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो. पुण्याला, मुंबईहून, पत्त्यावर. त्याच सवयीने जाहिरातीत, सूचनाफलकावर, वर्तमानपत्रात ईमेलच्या पत्त्याला 'वर' चिकटवला जातो: डॉट कॉमवर, डॉट इनला. पत्ता रोमन लिपीत आणि 'वर' देवनागरीत. डोळ्याला फरक कळतो. पण हल्ली पत्त्यावर बोट ठेवलं की पत्र उघडतं, आणि पत्ता कुठे संपला हे यंत्र ठरवतं. देवनागरी अक्षरंही डोमेनमध्ये चालू लागल्यापासून यंत्राला 'कॉमवर' हे सगळंच डोमेन वाटू शकतं. हिंदीत 'पर' सुटा लिहितात, त्यांना हा त्रास नाही. आपल्या व्याकरणाचा नियम सोडायची गरज नाही. वाक्यरचना बदलावी: 'पुढील पत्त्यावर पाठवावे' असं लिहून पत्ता खाली स्वतंत्र ओळीत द्यावा. प्रत्यय 'पत्त्या'ला लागतो, पत्त्याला लागत नाही, आणि दोन्ही शुद्ध राहतात.

देवनागरी डोमेनचा विषय निघाला आहे तर त्यावर थांबायलाच हवं. 'डॉट भारत' हे देवनागरी देशनाम ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालं, हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीसाठीही. नोंदवहीला मात्र अजून रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच वाचता येतं. म्हणून प्युनिकोड नावाच्या रीतीने आतल्या आत भाषांतर होतं: 'भारत' तिथे 'एक्सएन', दोन आडव्या रेघा, मग 'एच2बीआरजे9सी' असं उभं राहतं. वाचणाऱ्याला भारत दिसतो, नोंदवहीला हा सांकेतिक वेश. उजव्या भागाला अशी वेश बदलायची सोय आहे. डाव्या भागाला नाही, कारण त्याचा अर्थ धन्याखेरीज कुणी लावायचा नाही हा तोच जुना नियम. देवनागरीत नाव असेल तर वाटेतल्या प्रत्येक यंत्राला देवनागरी जशीच्या तशी नेता आली पाहिजे. त्याचे नियम 2012 मध्ये ठरले, जीमेलने 2014 मध्ये असे पत्ते ओळखायला सुरुवात केली, तरी अनेक ठिकाणचे अर्ज आजही देवनागरी पत्ता 'अवैध' म्हणून परत करतात. हे बदललं पाहिजे, आणि अर्ज बनवणाऱ्यांनी ते बदललं पाहिजे.

मराठीला इथे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यास म्हणजे गुरूला, आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. दोन्हींतला फरक फक्त त्या रफारात: एक डोक्यावर, दुसरा पुढच्या अक्षराला पापणीसारखा टेकलेला. संगणकावर हा दुसरा र दोन तऱ्हांनी उमटतो. एक, खाली नुक्ता असलेलं स्वतंत्र 'ऱ' वापरून. दोन, साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण डोमेनच्या 2003 सालच्या नियमांत ते अदृश्य चिन्ह सरळ गाळलं जाई. म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या व्हायचा, आणि शेतकऱ्यांसाठी काढलेलं नाव 'शेतकर्यांसाठी' होऊन बसायचं. 2010 च्या नियमांनी हलन्तानंतर त्या चिन्हाला जागा दिली, पण ती सगळीकडे सारखी पाळली जाईल याचा भरवसा धरू नये. मराठीत डोमेन घेणाऱ्याने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षरच वापरावं. कळफलकावर इन्स्क्रिप्टमध्ये 'र'च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ते मिळतं.

शब्दांचं म्हणाल तर 'डोमेन'ला मराठी प्रतिशब्द पाहिजे म्हणून मी हट्ट धरणार नाही. मात्र 'संकेतस्थळ' हा शब्द आपण वेबसाइटसाठी घेतला, त्याचा मूळ अर्थ ठाऊक असावा: जुन्या काव्यात प्रेमिकांनी भेटीसाठी आधी ठरवलेली जागा. दोघांना तीच जागा ठाऊक असणं हा त्याचा प्राण. ईमेलसाठी काहींनी 'विरोप' हा शब्दही चालवून पाहिला, निरोपाच्या अंगाने. तो मला आवडतो, पण लोकांच्या तोंडी 'मेल'च बसला. मेल म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये पिशवी, टपालाची थैली. पंजाब मेलमधला मेल तोच.

संपादकांना, कचेऱ्यांत पत्रकं काढणाऱ्यांना आणि छापखान्यांना माझी एवढी विनंती आहे. ईमेलचा पत्ता स्वतंत्र ओळीत छापा, त्याच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका, त्याला 'वर' जोडू नका. छापण्याआधी त्या पत्त्यावर स्वतः एक पत्र पाठवा आणि ते योग्य माणसाला मिळालं का ते त्याला फोन करून विचारा. अर्ज कसा भरायचा हे दाखवताना मनाला येईल ते डोमेन लिहू नका. ते कुणाचं तरी खरं घर असतं. 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव 1999 पासून अशा नमुन्यांसाठीच राखून ठेवलं आहे, ते वापरा. आणि आपल्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर नोंदलं आहे, त्याची मुदत कधी संपते, हे आजच पाहून घ्या.